पंपाच्या झाकणावरचा बैल

बैल काही केल्या मधे बसेना. साताऱ्याच्या एमआयडीसीत, एका लहान कारखान्याच्या शेडला चिकटून काचेची खोली होती. चपला बाहेर काढूनच आत जायचं. आत देव नव्हता, कॉम्प्युटर होता. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. पंपाची झाकणं यापुढे कागदाऐवजी पडद्यावर काढायची असं मालकांनी ठरवलं आणि आयटीआय करून आटपाडीहून आलेल्या मला त्या पडद्यासमोर बसवलं.

काम ऐकायला सोपं होतं. सांगलीच्या एका पंपवाल्याचं चिन्ह म्हणजे बैलाचं तोंड, चांगली ऐटबाज शिंगं असलेलं. ते फ्लॉपीवर आलं होतं. ते झाकणाच्या गोल तोंडावर बरोब्बर मधोमध बसवायचं. मग त्यावरून लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, निघणार आणि पुढची सगळी झाकणं तशीच ओतली जाणार.

"शनिवारपर्यंत बसव," मालक म्हणाले. "जमलं तर तू कायम. नाहीतर पूर्वीसारखं ड्रॉइंग बोर्डावर काढून घेऊ, आणि मग तुझं..." पुढचं त्यांनी गिळलं. ते माझ्या वडिलांनी आधीच बोलून ठेवलं होतं. वडील फौजेतून रिटायर झालेले, त्यांचं बोलणं कमी आणि हुकूम जास्त. "कायम झालीस तर ऱ्हा. न्हाईतर शनवारी न्यायला येतो. पाव्हणं खोळंबल्यात." पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे. मुलगा कसा होता देव जाणे, मी विचारलंही नाही. मला लग्न नको होतं, ती काचेची खोली हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

रीत अशी होती. चित्राचे सगळे तुकडे निवडायचे. कॉम्प्युटर त्यांच्याभोवती मनातल्या मनात एक चौकट धरतो, तिचा मध्य काढतो आणि तो झाकणाच्या मध्यावर नेऊन ठेवतो. मी तसं केलं, तर बैल खाली घसरलेला. घामानं टिकली कपाळावरून नाकावर उतरावी, तसा. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"अगं, हातानं सरकव की वर!" मालक वैतागले.

सरकवता आलं असतं. पण किती? आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. मशीन म्हणतं हा मध्य आणि डोळे म्हणतात नाही, म्हणजे दोघांपैकी एक जण थापा मारतोय. कोण, ते कळल्याशिवाय मला जेवण जाईना. खोडच आहे माझी ती, अजून गेलेली नाही.

मी झाकण बदलून पाहिलं. बैल एका साध्या चौकोनी पाटीवर ठेवला. तरी खालीच, आणि तेवढाच खाली. मग गंमत म्हणून बैल उलटा केला, शिंगं जमिनीकडे. तर गडी वर चढला! मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे खोट झाकणात नव्हती, ती बैलाबरोबर फिरत होती. त्याच्या डोक्यावर काहीतरी होतं, मला न दिसणारं.

पडद्यावर, बैलाच्या शिंगांच्या बराच वर, एक बारीक ठिपका असायचा. धुळीचा असेल, माशी बसून गेली असेल, म्हणून मी तो ओढणीनं पुसायची आणि तो जायचा नाही. त्या दिवशी चित्र लहान केलं आणि ठिपकाही सरकला. धूळ कधी सरकते होय? मी तिथं मोठं करत गेले, आणखी मोठं. ठिपक्याच्या रेघा झाल्या आणि रेघांचं अक्षर झालं. श्री.

हसावं की कपाळ बडवून घ्यावं! चित्र मिरजेच्या एका लग्नपत्रिका करणाऱ्यानं कॉम्प्युटरवर काढून दिलं होतं. त्याला फोन लावला.

"वर श्री तुम्ही लिहिलाय का?"

"व्हय की. श्रीकार घातल्याबिगर मी कामाला हातच लावत न्हाई. का ओ, लय बारीक झाला का?"

"बारीक काय! त्याच्यापायी बैल घसरलाय आमचा!"

तो अगदी मनापासून म्हणाला, "श्रीमुळं वाईट कसं हुईल, बाई?"

आता याला काय सांगणार? बैल आणि श्री मिळून कॉम्प्युटर एकच चौकट धरत होता. वरची रिकामी जागाही बैलाचीच समजत होता. आमच्या घरात श्री लिहायची रीत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमची पत्रं थेट मजकुरानं सुरू होतात. त्यामुळे मला ते सुचलंच नव्हतं. मालकांच्या तर प्रत्येक कागदावर श्री असायचा, पण त्यांनाही सुचलं नव्हतं.

"पुसू का?" मी मालकांना विचारलं.

मालकांचा चेहरा पडला. "श्री पुसायचा? नको गं. बघ काहीतरी."

"पुसायचा नाही, ठेवायचाही नाही, मग करू काय मी?" माझा आवाज चढलाच. पण रागाच्या भरात बरं सुचतं मला. कॉम्प्युटरमध्ये चित्राचे थर करता येतात, ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवावेत तसे. श्रीला स्वतंत्र थर दिला आणि तो थर बंद करून ठेवला. श्री होता तिथंच राहिला, फक्त मोजणीत धरला गेला नाही. मग एकट्या बैलाला निवडलं आणि हुकूम दिला. बैल मधोमध जाऊन बसला. मालकांनी खिशातली पट्टी काढून पडद्याच्या काचेला लावली, वर मोजलं, खाली मोजलं, आणि चहा सांगितला.

शनिवारी वडील आले. बूट काढून आत उभे राहिले. मालक म्हणाले, "तुमची पोरगी कायम केली बघा." वडिलांनी पडद्याकडे बोट केलं. "ह्यो मदी हाय, कशावरनं?" मी दोन्ही बाजूंची मापं दाखवली. "हं," म्हणाले. एवढी मरमर करून नुसतं हं! मला असा संताप आला म्हणून सांगू.

तिथनं आम्ही एसटी स्टँडवर गेलो. वडिलांनी परतीची दोन रिझर्वेशनं काढून ठेवली होती. एक परत करायला ते रांगेत उभे राहिले, आणि मी त्यांच्या मागे. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कोण येत नाही?"

"पोरगी," वडील म्हणाले, ते सुद्धा परेडच्या आवाजात. "ती हितं कायम झाली. कॉम्प्युटरवर हाय."

मग वळून त्यांनी रांगेतल्या मागच्या माणसालाही तेच सांगितलं. त्यानं काही विचारलं नव्हतं.