कोपऱ्यातलं कडं

कोहेई तेरानिशीचा बाप खेकडे धरायचा. हाशिदाते बंदरात ज्याच्या त्याच्या जाळ्याच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांवर घराची खूण डागलेली असायची. तेरानिशींची खूण म्हणजे एक कडं आणि त्यात आडवी रेघ. वाहून गेलेला बोया कुणाला सापडला की तो खूण बघून मुकाट घरी आणून टाकायचा.

कोहेई समुद्रावर गेला नाही. कारखान्यात मोबाईलच्या गाळण्यांचे, म्हणजे फिल्टरांचे, नकाशे काढायला लागला. स्फटिकाच्या तुकड्यावर धातूच्या दोन फण्या, एकीचे दात दुसरीच्या दातांत शिरलेले. दातांत वीज आली की स्फटिकाच्या अंगावर शहारा उठून धावत सुटतो. दात जितके बारीक, तितका शहारा घाईचा. फोनला हवी ती लहर त्यातून पार होते, शेजारची दाराबाहेर राहते. हे दात आखण्यात कोहेईचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. आणि दर नकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यात तो बापाचं कडं काढायचा. दुसरे कुणी मांजर काढत, कुणी फूल; नकाशाबरोबर तेही धातूत उतरायचं. वरचे लोक काणाडोळा करत.

त्या हिवाळ्यात फार वरच्या पट्टीची गाळणी निघाली आणि गळायला लागली. शेजारची लहर बेधडक आत येत होती. गिऱ्हाइकानं नमुने परत धाडले.

"धातूचा थर सारखा बसत नसणार," बैठकीत विभागप्रमुख त्सुजी म्हणाले. "ओमोते-सान, तुमच्याकडं बघा."

थर बसवण्याचं खातं किनुए ओमोतेचं. ती उठली, कमरेत वाकली. "आमच्याकडंच चुकलं असणार. माफी असावी."

कोहेई आणि किनुए एकाच दिवशी कामाला लागले होते, आणि तिथल्या कारखान्यांत हे नातं भावकीपेक्षा पातळ नसतं. दोघंही किनाऱ्याकडचे. एकटे असले की शहरी बोली गुंडाळून ठेवत.

"तुझ्या फण्या बघितल्यास न्हवं रं?" दाराशी तिनं विचारलं.

"बघितल्या की. दात चोख हायेत."

"मग थर द्यायचं माझंच भांडं घाण म्हणायचं. खात्यातल्या पोरींस्नी घासाया लावते. शिव्या घालतील मला."

दात चोख होते यात खोटं काही नव्हतं. त्यानं पुन्हा सगळं गणित मांडलं, गणितात गाळणी कुठंच गळत नव्हती. मग दुपारी तपासणीच्या बाकावर बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की गणितात कडं नाहीच. ते नुसतं शोभेचं, म्हणून त्यानं हिशेबात कधी धरलंच नव्हतं. इतक्या वर्षांत दात बारीक झाले, तुकडा आक्रसत गेला, फण्या कोपऱ्याला येऊन भिडल्या. कडं मात्र तेवढंच राहिलं. धातूचं बंद कडं, एका अंगाला लहर आत येण्याची वाट, दुसऱ्या अंगाला बाहेर जाण्याची. फण्या चुकवून लहर कड्यावरून परस्पर पलीकडं उडी मारत होती.

लेझरच्या टोकानं त्यानं नमुन्यावरचं कडं तोडलं आणि पुन्हा मोजलं. गळती गेली.

त्याचे कान तापले. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं, तरी त्यानं पडद्यावरची मोजमापाची रेघ हातानं झाकली.

नव्या नकाशात कडं नव्हतं. "अर्थिंगची जोडणी जरा सुधारली," असं तो त्सुजींना म्हणाला. नमुने चांगले निघाले की खरं सांगून टाकू, असं त्यानं स्वतःला बजावलं. नमुने चांगले निघाले. पण नमुने यायला लागलेल्या महिनाभरात किनुएच्या पोरींनी हात सोलवटेस्तोवर भांडं घासलं होतं, आतली धातू वितळवायची मूसही बदलली होती. सगळ्यांनी निकाल लावून टाकला, की दोष थराचाच. किनुएला एप्रिलपासून बांधणी खात्यात धाडायचं ठरलं. खोकी मोजायला. कोहेई ते ऐकून जेवणघरात गेला, सूपभात पुढ्यात घेतला आणि तसाच ठेवून उठला. त्या दिवशी तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग किनुएच आली. हातात कापडात गुंडाळलेला मिठाईचा डबा. भरल्या कचेरीत त्याच्या मेजासमोर ती वाकली आणि शहरी बोलीत म्हणाली, "आमच्यामुळं तेरानिशी-सानना दोनदा नकाशा काढावा लागला. फार त्रास दिला."

डबा त्यानं घेतला. हात आपोआप पुढं झाले. डबा हातात आला आणि मग त्याला लपवून ठेववेना.

"किनुए, थर न्हवता गं," तो म्हणाला. सगळ्यांसमोर तोंडातून गावची बोलीच निघाली. "कडं हुतं. माझं. कोपऱ्यातलं. महिन्यामागंच कळलं मला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्सुजी खुर्चीतून उठले ते अर्धे उठलेलेच राहिले.

"तुझ्या बाच्या बोयाचं कडं?"

"व्हय."

"आन् माझ्या पोरी महिनाभर त्यापायी भांडं घासत्यात?"

"व्हय."

तिनं डबा त्याच्या हातातून काढून घेतला. "ह्यो त्यांचा हाय मग." ती वळली आणि दारातून म्हणाली, "हितं मला सांगून काय उपेग? चल, त्यांच्याम्होरं बोल."

पांढरा अंगरखा, टोपी, तोंडाला फडकं असा सगळा वेश चढवून तो तिच्यामागून अंगावरची धूळ उडवणाऱ्या वाऱ्याच्या खोलीतून आत गेला. आतल्या पोरी तशाच वेशात, नुसते डोळे दिसणाऱ्या. त्यानं जे होतं ते सांगितलं आणि कमरेत वाकला. यंत्रं चालू होती, काम टाकून कुणाला हलता येत नव्हतं. तो वाकलेलाच राहिला.

"तेरानिशी-सान," मागून एक पोरगी म्हणाली. तिच्या हातात स्फटिकाच्या चकत्यांची पेटी होती. "जरा बाजूला व्हा. वाट अडवलीये तुम्ही."

तो भिंतीला सरकला आणि तिथं पुन्हा वाकला.