हळद लावलेलं आमिष

एव्हरेट हे सिएटलच्या उत्तरेचं खाडीकाठचं गाव. तिथल्या कुठल्याही जुन्या मराठी कुटुंबात 'बोटवाल्या वागळेकाकू' म्हटलं, की पुढे काही सांगावं लागत नाही. त्यांनी पकडलेला सामन मासा ज्या घरी शिजला नाही असं घर विरळा. आणि जी घरं मासे खात नाहीत, त्यांनी काकूंच्या गोष्टी तरी चवीने ऐकल्या आहेत. पण शैलाबाई वागळे काही जन्माच्या बोटवाल्या नव्हेत. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यांनी सुकाणूला हातही लावला नव्हता.

त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या, सारस्वताघरच्या. कल्ला उचलून बघितला, की मासा सकाळचा की कालचा हे त्या लहानपणीच सांगत. पण मासा यायचा तो मागल्या दारी, कोळणीच्या टोपलीतून. तो पाण्यातून वर कसा येतो, याची चौकशी करण्याचं त्यांना कधी कारण पडलं नाही. यजमानांचं, दिगंबररावांचं, उलटं. ते नागपुरात वाढले. तलावापेक्षा मोठं पाणी त्यांनी कॉलेजात जाईपर्यंत पाहिलं नव्हतं. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून ते एव्हरेटला आले, एका सहकाऱ्याबरोबर गळ टाकून सामन गरवायला गेले, आणि माणूस पाण्याला लागला. सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली. उन्हाळ्यातला एकही शनिवार मग घरी गेला नाही. शैलाबाई डबा करून देत आणि संध्याकाळी आलेला मासा साफ करत. 'मला गरवता येत नाही आणि ह्यांना चिरता येत नाही, म्हणून संसार टिकला,' असं त्या सांगत.

१९८६ च्या हिवाळ्यात दिगंबररावांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. ते त्यातून सुखरूप उठले. पण जड उचलणं, हिसका देऊन ओढणं डॉक्टरांनी बंद केलं. बोटीचं इंजिन तर दोरीला हिसका दिल्याशिवाय सुरू होत नसे. बोट घराच्या अंगाला निळ्या ताडपत्रीखाली गेली आणि दिगंबरराव खिडकीशी. भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेला हा माणूस दुपारभर टीव्हीवर बक्षिसांचे खेळ बघू लागला. हाक मारली की जेवायला येत, वाढलं ते खात, कसं झालंय विचारलं की 'बरं आहे' म्हणत. आमटीत मीठ घालायचं राहिलं त्या दिवशीही त्यांनी 'बरं आहे' म्हटलं, तेव्हा मात्र शैलाबाई घाबरल्या. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या.

त्यांची मुलगी सुचित्रा सिएटलच्या एका इस्पितळात, हृदयरोग्यांच्याच वॉर्डात नर्स होती. उन्हाळा लागताच तिने बोटीला गिऱ्हाईक शोधलं.

"बाबांना रोज ती ताडपत्री दिसते. दॅट्स द प्रॉब्लेम," ती म्हणाली. "बोट गेली की ही'ल मूव्ह ऑन."

"मूव्ह होऊन जातील कुठे? त्या खुर्चीतून ह्या खुर्चीत?" शैलाबाई म्हणाल्या. "बोट विकायची नाही. मी चालवीन."

सुचित्रा हसली, मग आईचा चेहरा बघून थांबली. "आई, यू डोन्ट इव्हन लाइक द फेरी."

"फेरीबोट दुसरं कुणीतरी चालवतं."

दिगंबरराव खुर्चीतूनच म्हणाले, "ट्रेलर मागे घ्यायला जमेल का, ते विचार तिला. नुसती गाडी पार्क करायची तर अर्धी गल्ली खाली उतरते हात दाखवायला."

कित्येक महिन्यांत त्यांनी केलेली ही पहिली थट्टा होती. शैलाबाईंना राग यायला हवा होता, पण त्यांना बरंच वाटलं.

सौदा ठरला तो असा. एक दिवस शैलाबाईंनी बोट पाण्यात उतरवायची, न्यायची आणि परत आणायची. दिगंबररावांनी नुसतं बसायचं. कशाला हात लावायचा नाही. सुचित्रा सोबत असेल. तिला धोका वाटला, तर गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी हो म्हणून कळवायचं.

शैलाबाई लायब्ररीत काम करत. तिथून त्यांनी बोटींवरची पुस्तकं आणली, संध्याकाळचा सुरक्षिततेचा वर्ग पुरा केला. रविवारी सकाळी बंद दुकानाच्या रिकाम्या आवारात ट्रेलर मागे घ्यायचा सराव केला. ट्रेलरला डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे वळवायचं, हे डोक्याला कळायला एक दिवस लागला. हातांना कळायला महिना. इंजिनची दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तेव्हा त्यांनी तो कुणाला दाखवला नाही.

जुलै संपता संपता त्या तयार झाल्या. आणि श्रावण लागला.

"आता पौर्णिमेनंतर," त्या म्हणाल्या.

सुचित्राने कपाळाला हात लावला. "आई, तू श्रावणात फिश खात नाहीस, फाइन. पकडायला काय झालं? सीझन चाललाय."

"दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे होडी पाण्यात जात नाही."

"आमच्याकडे म्हणजे कोळ्यांकडे," दिगंबरराव म्हणाले. "तुमच्या घरात कुणी होडीत बसलं होतं का कधी?"

"म्हणूनच जास्त सांभाळायला हवं," शैलाबाई म्हणाल्या.

नारळी पौर्णिमेला कामावरून येता येता त्या मकिल्टिओच्या किनाऱ्यावर थांबल्या आणि पॅसिफिकच्या त्या थंडगार फाट्यात त्यांनी नारळ सोडला. मासा मिळू दे असं काही मागितलं नाही. ह्यांना परत दे, एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी आमिषाची तयारी केली. तिकडे सामनला हेरिंग लावतात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची थोरली बहीण. ते साफ करून खडेमिठात ठेवायचे, म्हणजे घट्ट होतात आणि गरीवर, गळाच्या आकड्यावर, टिकतात. शैलाबाई मासे धूत होत्या, एकीकडे शनिवारचं हवामान रेडिओवर ऐकत होत्या, आणि हात आपलं काम करत होते. ते चाळीस वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं.

सकाळी मकिल्टिओला बोटी उतरवायच्या उतारावर रांग होती. शैलाबाईंचा ट्रेलर पहिल्या खेपेला वाकडा गेला. मागच्या ट्रकमधला टोपीवाला गडी खिडकीतून म्हणाला, "टेक युअर टाइम, लेडी. ख्रिसमसपर्यंत आम्ही मोकळेच आहोत."

दिगंबररावांचा हात दाराच्या कडीवर गेला. "बसा," शैलाबाई म्हणाल्या. त्यांनी गाडी पुढे घेतली, आरशात बघितलं, आणि दुसऱ्या खेपेला ट्रेलर सुईत दोरा जावा तसा पाण्यात गेला. तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं.

दीपगृह मागे पडलं तेव्हा त्यांनी आमिषाचा डबा उघडला. तिघंही आत बघत राहिली. हेरिंग पिवळेधमक होते. मिठाबरोबर त्यांनी हळदही चोळली होती.

"वा," दिगंबरराव म्हणाले. "तांदळाचं पीठ आणि तवा विसरलीस का?"

"तुम्ही गप्प बसायचं ठरलंय."

"हात लावायचा नाही ठरलंय. तोंडाचं काही ठरलं नव्हतं."

सुचित्राला हसू आवरेना. "आई, इट्स मॅरिनेटेड. सामनला वाटेल, ही'ज बीन इन्व्हायटेड फॉर लंच."

शैलाबाईंनी एकेक हेरिंग समुद्राच्या पाण्यात खंगाळून बघितला, पण हळद ती हळद. असल्या आमिषावर मासा लागायचा नाही, तर उगीच लांब, मोठे मासे लागतात त्या बेटाच्या टोकापर्यंत कशाला जा, असं म्हणून त्यांनी दीपगृहापासून थोड्याच अंतरावर इंजिन बंद केलं. हेरिंगचं डोकं तिरकं कापलं, म्हणजे तो पाण्यात गिरकी घेतो; दोन गऱ्या अडकवल्या आणि नायलॉनचा तंगूस तळापर्यंत सोडला. दिगंबररावांनी थट्टा चालूच ठेवली. लिंबू पिळायचं राहिलं, कोथिंबीर कुठाय, खाली पाहुणे ताटकळलेत. बोलता बोलता त्यांच्या गालांवर रंग आला होता आणि शैलाबाई तो बघत राहिल्या. भरतीचं पाणी बोटीला उत्तरेकडे सरकवत होतं, तिकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.

मग गळाच्या काठीचं टोक दोनदा लवलं.

"ओढू नको," दिगंबरराव एकदम हळू आवाजात म्हणाले. "खाऊ दे त्याला. खाऊ दे."

टोक पाण्यात गेलं. शैलाबाईंनी काठी उचलली आणि तिच्यावरचं तंगुसाचं चाक कर्कश ओरडत फिरू लागलं. मासा पळाला तो पळाला, लांब जाऊन एकदा पाण्याबाहेर उसळला, आणि तिघांनी त्याला पुरता पाहिला. रुंद, चंदेरी, पाठ काळसर. किंग जातीचा सामन. दिगंबररावांनी इतक्या वर्षांत एवढा आणला नव्हता. ते अर्धवट उभे राहिले, सुचित्राने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. शैलाबाई गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. हात भरून आले. मासा हळूहळू जवळ आला आणि मग खाली, सरळ बोटीच्या पोटाखाली शिरला.

त्याच वेळी भोंगा वाजला. आखूड, घाईघाईचे भोंगे, एकापाठोपाठ एक.

शैलाबाईंनी मान वर केली. व्हिडबी बेटाकडून येणारी फेरीबोट समोर होती, तीन मजली इमारत चालत यावी तशी. आणि आपली बोट तिच्या वाटेत. इंजिन सुरू करायला हवं होतं. पण तंगूस मागच्या बाजूला, इंजिनाच्या पंख्याच्या अगदी खालून गेला होता. तो पंख्यात गुंडाळला असता तर इंजिन तिथल्या तिथे मेलं असतं.

"अगं, वाजवतात ते नुसते," दिगंबरराव म्हणाले. "एक मिनिट. वर येतोय तो, शैला, बघ, दिसतोय."

तो खरंच दिसत होता. पाण्याखाली हातभर अंतरावर, दमून आडवा झालेला.

शैलाबाईंनी हेरिंग कापायची सुरी उचलली आणि तंगूस कापला.

काठी सरळ झाली. त्यांनी ती सुचित्राच्या हातात दिली, मागे वळून दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला इंजिन लागलं. बोट वाटेबाहेर काढली, आणि फेरी गेल्यावर तिच्या लाटा आल्या तेव्हा नाक लाटांकडे वळवून एकेक लाट अंगावर घेतली. सुचित्राने बोटीची कड घट्ट धरली होती. पाणी निवळल्यावर शैलाबाईंनी दोघांकडे बघितलं, लाइफ जॅकेटं नीट आहेत ना ते पाहिलं, आणि म्हणाल्या, "चूक माझी. कुठे वाहतोय ते बघायला हवं होतं."

"बाबा, आर यू ओके?" सुचित्राने वडिलांचं मनगट धरलं.

"मला काय झालंय?" दिगंबरराव खेकसले. "पस्तीस पौंडांचा मासा होता. पस्तीस. हातभरावर आला होता."

"पंचवीसचा असेल," शैलाबाई म्हणाल्या.

"पंचवीसचा? तू त्याचं डोकं बघितलंस का?"

धक्क्यापर्यंत हाच वाद चालला. काय केलं असतं तर मासा बोटीच्या पुढच्या बाजूने वळला असता, काठी कुठल्या कोनात धरायची, हळदीचा वास माशाला पाण्यात किती लांबून येत असेल. सामनला हळद आवडते की नाही हे एका माशावरून ठरत नाही, पुन्हा लावून बघायला हवं, असं इंजिनिअर दिगंबरराव ठासून सांगत होते. सुचित्रा दोघांच्या मधे बसून एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होती.

उतारावर सकाळचा टोपीवाला आपली बोट धूत होता. "एनी लक?" त्याने विचारलं.

शैलाबाई काही म्हणायच्या आत दिगंबरराव उत्तरले, "माय वाइफ हॅड अ किंग ऑन. फेरी आली. शी कट हिम लूज."

टोपीवाल्याने शैलाबाईंकडे नीट बघितलं. "लोक नाही कापत," तो आपल्या इंग्रजीत म्हणाला. "कापायला हवं, पण नाही कापत." आणि त्या ट्रेलर मागे घेईपर्यंत तो त्यांच्या बोटीची दोरी धरून उभा राहिला.

बोट बांधून झाल्यावर सुचित्रा कोपऱ्यावरच्या टेलिफोनकडे गेली. शैलाबाईंनी तिला अडवलं नाही. ओला तंगूस पुसून गुंडाळताना त्यांचे कान मात्र तिकडेच होते. चूक झाली होती, मुलीने ती डोळ्यांनी पाहिली होती. ती काय म्हणेल ते आपण मान्य करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"नो, इट्स नॉट अबाउट द प्राइस," सुचित्रा फोनवर म्हणत होती. "इट्स माय मदर्स बोट. शी'ज कीपिंग इट."

ती परत आली तेव्हा दिगंबरराव गाडीच्या टपाला टेकून उभे होते. तिला बघून त्यांनी नाक शिंकरलं आणि बायकोला म्हणाले, "पुढच्या शनिवारी भरती उशिरा आहे. आठपर्यंत निघालं तरी चालेल."

"सातला तयार राहा," शैलाबाई म्हणाल्या. "बेटाच्या टोकापर्यंत जायचंय."