नव्याच्या पुनवेचे चिनी केक

आम्ही भात पिकवायचो आणि नागली खायचो. मुरबाडच्या पुढं, धसईच्या बाजाराला पायी जाता येईल असं आमचं गाव. जमीन मालकाची, भातही त्याच्याच कोठारात. श्रावण-भादव्यात घरातली नागली, म्हणजे नाचणी, संपली की रानातले कंद उकडायचे. हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही. जे होतं ते होतं.

भात आमच्या तोंडाला लागायचा तो आश्विनातल्या पुनवेला. तिला आम्ही नव्याची पुनव म्हणतो. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या ओंब्या दाराला बांधायच्या, नव्या तांदळाची खीर देवाला दाखवायची, आणि मगच घरातल्यांनी खायची. त्याआधी नवं तोंडात घालायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबरच पोटात गेलेलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी मुंबईला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. गिरणीतल्या एका गाववाल्याच्या खोलीवर राहायचो. पुनवेच्या तोंडावर त्याच्याकरवी बाचा निरोप आला : नव्याला ये, आणि आता परत जायचं नाही. बाजारात कुणीतरी बाला टोचलं होतं, "पोरगा तिकडचा झाला. आता तो तुजा नाय." उपासमारीला न भ्यालेला माझा बा या एका वाक्याला भ्याला होता.

निघायच्या सकाळी वर्गातला एक मित्र भेटायला आला. दातांच्या चिनी डॉक्टरचा मुलगा. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा डबा होता. म्हणाला, "आज आमचीही पुनव. चंद्राकडे बघत हे केक खायचे." साखर मिळत नव्हती, तरी त्याच्या आईनं कुठून कुठून जमवून केले होते. "एक आत्ता खा ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "घरी."

कल्याणहून मोटारीनं मुरबाडला आलो आणि पुढं चालत निघालो. दोन्हीकडं भात पिवळं पडलेलं. डब्यातून भाजल्या पिठाचा, तिळाच्या तेलाचा वास यायचा आणि भाताच्या वासात मिसळून जायचा. कुठला वास कुठून येतोय ते कळेना. चंद्र वर आला तेव्हा मी बांधावर होतो. सगळं शिवार दुधात भिजत घातल्यासारखं दिसत होतं, आणि आपण चालतोय की झोपेत आहोत याची खात्री वाटत नव्हती.

घरी खीर शिजत होती. देवाचं झालं, खीर खाऊन झाली, मग मी अंगणात डबा उघडला. गोल, जडशीळ, वर साच्याची फुलं उठलेली.

"ह्ये काय रे?" आईनं विचारलं.

"चिनी लोकांचं पुनवेचं गोड. सकाळी दिलं मित्रानं."

बानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मंग तितंच का नाय खाल्लंस?"

"घरात नवं झालं नवतं ना."

आई हसायलाच लागली. "अरे येड्या, त्ये भाताला. सगळ्या खाऊला नाय. असं धरलं तर बाजारातली जिलबी पन देवाला इचारून खावी लागंल."

बा हसला नाही. चांदण्यात माझ्याकडं बघत राहिला, हरवलेलं वासरू दिसावं तसा. मग म्हणाला, "काप गो."

आईनं विळीवर एक कापला. आत काळसर पुरण, आणि मधोमध पिवळा गोळा.

"चांदच भरलाय की आत."

"अंडं हाय त्ये, आये."

तिचा हात थांबला. "गोडात अंडं? मंग देवाफुडं नको. चांदालाच दाखव."

मी फोड वर धरली. मग तिघांनी खाल्ली. आधी गोड लागलं, मग त्या खारवलेल्या अंड्याचं एकदम खारट, आणि मग जिभेवर कितीतरी वेळ दोन्ही.

"करनारीचं ध्यान नवतं का काय," बा म्हणाला. "पुरनात मीठ पडलंय."

"तुमचं खाताना तरी असतं का ध्यान?" आई म्हणाली. तोवर बानं दुसऱ्या फोडीला हात घातला होता.

ती संपवून, बोटं चाटून, चंद्राकडं बघतच तो बोलला, "सकाळच्या मोटारीनं जा. परीक्षा दिऊन ये. कोन काय बोलंल त्याला मी बगतो."

पुढच्या उन्हाळ्यात मी बी. ए. झालो. आमच्या घरातला पहिला, आणि आमच्या गावातलाही.