दौऱ्यावरचा कॅमेरामन

दादाच्या रॉक बँडच्या दौऱ्यावर माहितीपट काढायला तो कॅमेरामन आला होता. मूळचा वडूजचा, कॅमेरा फौजेत शिकलेला. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. त्या काळी फिल्म मिळत नसे. त्याच्याकडे जेमतेम एका गाण्यापुरती होती. आणि दादा तर कॅमेरा समोर आला की गिटार वाजवताना त्याच्याकडेच बघत राही.

साताऱ्यात, मग आष्ट्यात, हा माणूस डावा डोळा मिटून अख्खा कार्यक्रम कॅमेऱ्यामागे उभा राहिला. सांगलीत मला राहवेना.

"अहो, अशानं फिल्म संपेल की!"

"आत फिल्म हाय कुठं?" तो हसला. "बघू दे त्यांना पोटभर. कंटाळले की मग मी बघतो."

त्या संध्याकाळी दादा कॅमेरा विसरून वाजवत राहिला. तेवढे गाणे कॅमेरामनने टिपले.

दादा गेल्यावर मी वडूजला फौजेतल्या त्या कॅमेरामनचे घर शोधत गेले. म्हटले, "दादा आपल्याकडे बघतोय असा एखादा तुकडा द्या."



"ताई, ते बघायचे तवा आत फिल्म नव्हती."