भाकरी गोड लागेपर्यंत

अक्कांचा फोन आला तेव्हा मी नांदेडला आमच्या वॉर्डात सकाळची सलाईनं बदलत होते. "वर्षा, कुमुद गेली गं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "शांत गेली. उलटी न्हाई, काई न्हाई..." दुसऱ्या कुणाला उलटीचं हे वाक्य विचित्र वाटेल. मला मात्र त्या वाक्यानेच रडू फुटलं. कुमुद म्हणजे आमच्या बिराजदार मॅडम. लातूरच्या ज्या नर्सिंग स्कूलमध्ये मी शिकले, तिथे त्या शरीरशास्त्र शिकवायच्या. अक्का ही त्यांची थोरली बहीण. मरणाच्या आधीच्या दिवसांत या दोघी बहिणींमध्ये अन्नावरून जे चाललं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता काही आठवडे झाले आहेत. अजून नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

मी मुखेडकडच्या खेड्यातली. शिक्षण मराठीतून झालेलं आणि नर्सिंगचं पुस्तक इंग्रजीत, त्यामुळे पहिले काही महिने वर्गात मान खाली घालून बसण्यातच गेले. पचनसंस्थेचा धडा आला त्या दिवशी मॅडम ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून घेऊन आल्या. प्रत्येकीला तुकडा दिला. "पुस्तकं मिटा. चावत राहा, गिळायचं नाही. गोड लागली की हात वर करा." अख्खा वर्ग गप्प बसून रवंथ करतोय, तेवढ्यात प्राचार्य दारात. "हे काय चाललंय?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पचन सुरू आहे, सर." तोंडात घास असताना हसू आवरणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. पण खरंच, हळूहळू एकेक हात वर गेला. लाळेतला रस पिठाची साखर करायला लागतो, पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं, हे नंतर कुठल्याच परीक्षेत विसरणं शक्य नव्हतं. "आणि तुम्ही बकाबका गिळता, मग जठराच्या नावानं बोंबलता," हेही वर ऐकवलंच.

त्यांच्या तोंडाला लागणं परवडायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, पित्त कुठे असतं? सगळ्यांचे हात छातीखाली, जिथे जळजळतं तिथे. "ते जठरातलं आम्ल आहे. पित्त यकृत तयार करतं, ते तेलातुपाचं काम बघतं. अख्खा मराठवाडा चुकीच्या अवयवाला शिव्या देऊन राहिलाय!" अन्न पुढे कसं सरकतं ते सांगायला त्यांनी परकर आणि नाडी मागवली होती. नाडी ओवताना आपण मागून आवळतो आणि पुढून मोकळं सोडतो, आतडंही तेच करतं म्हणाल्या, म्हणून तर आडवं पडून प्यालेलं पाणीसुद्धा पोटातच जातं. एक दिवस आईचं जुनं नऊवारी आणलं. दोघींना वर्गाच्या दोन टोकांना उभं करून ते ताणून धरायला लावलं. तोंडापासून शेवटपर्यंतची वाट साधारण एवढी, थोडी जास्तच. मग आमच्याकडूनच निऱ्या घालून घेतल्या आणि एवढं लांबलचक आतडं टीचभर पोटात कसं मावतं ते दाखवलं. लहान आतड्याला आतूनही अशाच बारीक घड्या, त्यांवर मखमलीसारखी लव, आणि त्या लवेतून अन्नाचा कस रक्तात जातो. उरलेल्यातलं पाणी मोठं आतडं परत खेचून घेतं. नऊवारीची घडी घालता घालता त्या म्हणाल्या होत्या, "घास गिळेपर्यंत तुमचं राज्य. गिळला की संपलं. मग थेट शेवटी दाराशीच तुमचं चालतं. मधला कारभार तुम्हाला विचारत नाही." मी ते तेव्हा फक्त लिहून घेतलं.

रविवारी कधी कधी त्या आम्हा हॉस्टेलच्या दोघीतिघींना घरी जेवायला न्यायच्या. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. अक्का तरुणपणीच विधवा झालेल्या, लातूरला त्यांच्याजवळच राहायच्या. गाव शिरूर अनंतपाळजवळ, थोडी शेती. आई लवकर गेल्यामुळे कुमुदला अक्कांनीच वाढवलेलं, शिकवलेलं. त्यांच्या हाताला चव होती, आणि आग्रह असा की ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वरण यायचं. नको म्हटलेलं त्यांना ऐकूच येत नसे. "अक्का, तिच्या जठराला भिंती हायत," मॅडम हसायच्या. "असू दे. मुखेडाकडं काय मिळतंय लेकराला!" मला राग यायचा, आमच्याकडं काय माणसं जेवत नाहीत? पण मी मुकाट्यानं जेवायचे. हॉस्टेलला परतताना चालवत नसे.

मी नांदेडला नोकरीला लागले, आणि काही वर्षांनी मॅडमना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. तो कळेपर्यंत पोटभर पसरला होता. ऑपरेशनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी स्वतःच ठरवलं, घरी जायचं. मी रजा टाकून लातूरला गेले. पाहिलं तर हातपाय काडीसारखे आणि पोट टणक फुगलेलं. आतड्याची वाट बंद झाली होती. डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं होतं, पोटात काही जाऊ देऊ नका. पण अक्का ऐकतात होय? दर थोड्या वेळाने वाटी यायची. कधी तांदळाची पेज, कधी मुगाचं पाणी, ताकात कालवलेला मऊ भात. "दोनच घास घे माय, माझ्यासाठी." आणि मॅडम, ज्यांनी आयुष्यभर शेकडो पोरींना हेच शिकवलं, त्या तोंड उघडायच्या... बहिणीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. मग हिरवी उलटी, धाप, आणि ते बरगड्या धरून कण्हणं. ते आवरतंय तोवर अक्का पुन्हा चुलीशी.

दुसऱ्या दिवशी माझा तोल सुटला. त्यांच्या हातातली वाटी मी धरली आणि म्हणाले, "अक्का, बास. तुम्ही त्रास देऊन राहिलात त्यांना." त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मग काय उपाशी मारू का हिला? आगं ह्या घरातून पोतराज बी उपाशी गेला न्हाई, आन् माझी बहीण उपाशी जाऊ देऊ? हेच शिकलीस व्हय सायबाच्या दवाखान्यात?" दोन्हीकडून प्रेमच होतं आणि मधल्यामध्ये एक बाई हाल सोसत होती. तेवढ्यात मॅडमनी मला बोटाने जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता. "तिला रागवू नको," त्या म्हणाल्या. "शिकव."

मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, अक्कांना खाटेजवळ बसवलं आणि नळ्या त्यांच्या कानात घातल्या. दुसरं टोक आधी त्यांच्याच पोटावर ठेवलं. त्या दचकल्या. "काय गं हे? गुडगुड करून राहिलंय की!" "तुमचं आतडं चालू आहे अक्का. सकाळची भाकरी पुढं ढकलतंय." मग तेच टोक मी मॅडमच्या पोटावर ठेवलं. अक्का डोळे मिटून ऐकत राहिल्या. मी जागा बदलली, नाभीच्या उजवीकडे, खाली, डावीकडे. त्यांनी मला हाताने थांब म्हणून खुणावलं आणि स्वतःच्या हाताने टोक दाबून धरलं. "काहीच न्हाई गं..." शेवटी म्हणाल्या. "कधीपासून?" त्यांनीच विचारलं. मी म्हणाले, "बरेच दिवस झाले असतील." त्यांनी नळ्या काढल्या, मांडीवर ठेवल्या. "मी टाकून राहिले, आन् आत घेणारं कुणीच न्हाई म्हण की." मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी अक्कांचा हात चाचपून धरला. "तू लई घातलंस अक्का. माझं पोट भरलंय." अक्का त्या हातावर डोकं टेकून रडल्या. मीही रडले, लपवण्यात अर्थ नव्हता.

नंतर मी त्यांना ओल्या कापसाने मॅडमचे ओठ आणि जीभ कशी टिपायची ते दाखवलं. कापूस पिळून घ्यायचा, थेंब घशात जाऊ द्यायचा नाही. वाटी भरवणारे हात ते काम लगेच शिकले. त्या दुपारी मॅडम बऱ्याच दिवसांनी सलग झोपल्या. माझी रजा संपली आणि मी नांदेडला परतले, पुढचं अक्कांनीच केलं.

तेराव्यानंतर एका रविवारी लातूरला गेले. मॅडमच्या खोलीतली खाट हलवली होती. अक्का वाळल्या होत्या. शेजारीण दारातच मला म्हणाली, तुम्ही तरी सांगा, म्हातारी दोन वेळचं जेवत नाही. अक्कांनी मला स्वयंपाकघरात पाट दिला, भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि समोर बसल्या. स्वतःचं ताट रिकामंच. मी जेवले. भाकरी संपली. अक्कांनी टोपल्यातली दुसरी उचलली, सवयीने माझ्या ताटाकडे आणली, आणि त्यांचा हात मध्येच थांबला. माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "वर्षा... वाढू का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणालाच कधी विचारलं नव्हतं.

"अर्धी वाढा, अक्का," मी म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली, अर्धी मला वाढली, अर्धी स्वतःच्या ताटात घेतली, आणि जेवायला लागल्या.