अक्षर त्याचं, निबंध माझा

मराठीच्या सरांनी माझा निबंध चोरला आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या पोराच्या नावावर घातला. चोरी हाच शब्द. दुसरा मी वापरणार नाही.

तासगावात चौथीपर्यंत मी उर्दू शाळेत शिकलो. पाचवीला मराठी हायस्कूल. उर्दू उजवीकडून लिहायची, नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, शेवटी द्यायची. हाताला तीच सवय. मराठीतही मी आधी अख्ख्या ओळीची अक्षरं मांडायचो, मग उजव्या टोकापासून मागं येत शिरोरेघ ओढायचो. अनुस्वार सगळ्यात शेवटी. काही राहूनच जायचे.

सातवीत सरांनी मला फळ्यावर लिहायला लावलं.

"बघा रं, गाडी रिव्हर्सला पडली!"

वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

त्याच वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निबंध होता, विषय आपल्या मनाचा. मी घेतला 'माझी आई'. अम्मी अध्यक्षांच्याच बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. दिवसभर उकिडवं बसून काड्या वेचायची. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिच्या हातांना तोच वास असायचा. आमच्या घरात बेदाणा कधी आला नाही. हेच मी लिहिलं. सरांनी दोनदा वाचलं.

"मजकूर झकास हाय. पण ह्या अक्षरात धाडला तर शाळेची अब्रू जाईल."

अध्यक्षांच्या पोराचं अक्षर छापल्यासारखं. त्याला उतरवून घ्यायला बसवलं. माझं अक्षर त्याला लागेना, म्हणून मी वाचून दाखवलं आणि त्यानं लिहिलं. माझ्याच चोरीला मी मजकूर सांगत होतो. खाली नाव माझं येईल, असं मला वाटलं होतं.

बक्षीस त्याला मिळालं. मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "अक्षर कुणाचं? त्याचं. मग निबंध कुणाचा?"

घरी अम्मीनं विचारलं, "मेरे बारे में क्या लिखा था रे?"

"कुछ नहीं," मी म्हणालो.

त्यानंतर हातानं लिहिणं मी टाळलं. पुढं बेदाण्याचा व्यापारी झालो. सौद्यात मला कुणी हटवत नाही. पण बँकेत फॉर्म पुढं आला की मी चष्मा विसरल्याचं सांगतो. खिशात असतो.

गेल्या महिन्यात शाळेच्या स्मरणिकेची जाहिरात मागायला तिघं पेढीवर आले. निवृत्त झालेले सरही होते. आता सरांसाठी मी शेठ.

"आवं शेठ, मागचं अख्खं पान तुमाला ठेवलंय!"

त्यांनी कच्ची प्रत पुढं ठेवली. मी चाळली. मधल्या पानावर तो निबंध होता. फोटो त्या पोराचा, जो आता स्वतः अध्यक्ष आहे. ओळी माझ्या. काड्या, गंधक, सगळं जसंच्या तसं. फक्त वर मथळा: 'आमच्या शेडवरची बाई'. आणि आत जिथं जिथं मी आई म्हटलं होतं, तिथं तिथं बाई.

मी पान सरांपुढं केलं. "सर, ही बाई कोण?"

"जाऊ द्या की. लय जुनं हाय. आणि तुमचं अक्षर तवा..."

"अक्षर न्हाई विचारलं. बाई कोण?"

त्यांच्यासोबतचा दुसरा पुढं सरकला. "शेठ, तुमचं नाव खाली घालतो की. 'विशेष साहाय्य' म्हणून."

माझ्याशी घासाघीस! आणि कशाची, माझ्या आईची. तिघांनाही मी उठवलं. प्रत परत दिली नाही.

मी निबंध सांगितला तेव्हा त्यात आई होती, हे सरांना ठाऊक आहे आणि अध्यक्षांनाही. स्मरणिकेत तो माझ्या नावानं आणि 'माझी आई' म्हणूनच छापला जाईल. नाहीतर प्रकाशनाच्या दिवशी ही प्रत घेऊन मी व्यासपीठावर चढेन. मला कोण उतरवतो ते बघू.

अम्मी अजून तासगावातच आहे. घर दोघांनाही माहीत आहे. अध्यक्षसाहेब, आईची बाई कुणी केली, सरांनी की तुम्ही? ज्यानं केली त्यानं तिच्यासमोर बसावं आणि तिला सांगावं, का केली.