आठचा मिस्ड कॉल

मुलीचं किडनी ट्रान्सप्लांट झालं तेव्हा पालकांना मदत करणाऱ्या सदाशिव पेठेतल्या एक बाई आमच्या वाट्याला आल्या. औषध दिवसातून दोनदा, आठच्या ठोक्याला. आठला त्यांचा मिस्ड कॉल यायचा. औषध दिलं की आपण उलट द्यायचा. दहा मिनिटं उशीर झाला की त्या फोन करून विचारायच्या, "आपल्याकडे घड्याळ आहे ना?"

एकदा संध्याकाळी त्या येरवड्याला आमच्याकडेच बसल्या होत्या. मुलीनं त्यांच्यासमोर गोळी गिळली.

"आता मिस्ड कॉल द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, तुम्ही बघितलंत ना?"

"द्या हो."

मी दिला. हातातला फोन वाजायचा थांबेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा मुलगाही हीच गोळी घ्यायचा, एवढंच मला नर्सकडून कळलं होतं.

मुलगी आता बेंगळुरूला आयटीत आहे. बाईंचा मिस्ड कॉल आला की मी मुलीला देते, आणि तिचा उलट आल्याशिवाय बाईंना उत्तर देत नाही. कधी तिची मीटिंग लांबते. मग सदाशिव पेठेत त्या आणि येरवड्यात मी, दोघी फोनकडे बघत बसतो.